तिने बाहुली दिली नाही

सालेकशाला गावोगावच्या आशा सेविकांना नवजात बाळाची काळजी शिकवताना मी प्लास्टिकची बाहुली वापरायची. शेवटच्या दिवशी मीच खाष्ट सासू व्हायची आणि म्हणायची, "आण इकडे, आधी आंघोळ घालू." लगेच आंघोळ घातली की बाळ गारठतं, हे सगळ्यांना पाठ. तरी बायका मुकाट्याने बाहुली हातात द्यायच्या. सासूपुढे कसलं पाठांतर!

एकीने मात्र दिली नाही. बाहुलीचं डोकं पदराने झाकत, तळपाय चाचपत ती म्हणाली, "काऊन घाई करून राहिल्या? आज आंघोळ नाही."

"झालं बाई, पास झालात," म्हणत मी हात पुढे केला. तरी सोडेना.

"मॅडम, माही पहिली पोरगी गारठून गेली. आंघोळीले मीच देली होती."