रुळावरचे दगड

"दाब पाहिजे गा, दाब. भुसभुशीत मातीत दाणा झोपूनच राहते." असं म्हणत तो मूठभर माती आवळायचा आणि मूठ उघडून समोरच्या पुरुषाला दाखवायचा. पुरुषालाच. शेजारी बाई उभी असली आणि वावर तिचं असलं, तरी ती मूठ तिच्याकडे वळत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सत्तरच्या दशकात उमरेड रस्त्यावरच्या आमच्या गावात सोसायटीचा एक ट्रॅक्टर होता आणि त्यामागे जोडायचा लोखंडी रूळ. दोन्ही या रूळवाल्याच्या ताब्यात. नांगरटीनंतर या रुळानं ढेकळं फोडून जमीन बसवायची, आणि पेरणी झाली की वरून एक फेरा मारायचा, म्हणजे दाण्याला माती घट्ट धरते. रुळावर लाकडी पेटी होती. तिच्यात दगड टाकले की दाब वाढायचा, काढले की कमी व्हायचा. काम त्याला येत होतं, हे मी नाकारत नाही. साखळी सैल पडली की तो ट्रॅक्टरला आईबहिणीवरून शिव्या घाली आणि मग लेकराचं तोंड पुसावं तसं बॉनेट पुसून काढी.

नवरा गेल्यावर शेती मीच करत होते. शहरात सक्करदऱ्याला राहायचे, तिथून सकाळच्या बसनं गावी जायचे. तो मात्र माझ्याशी बोलायचा तो दिरामार्फत. "भाऊ, बाईले इचारा, बियाणं कोणतं हाय." बाई तिथंच, हाताच्या अंतरावर.

एका वर्षी गव्हाची पेरणी उरकली आणि अवेळी एक सर येऊन गेली. सकाळी माती बोटांना चिकटत होती. मी म्हटलं, "दादा, वल हाय. फेरा उद्या-परवा मारा, नाहीतर सगळे दगड काढा."

त्यानं दिराकडे पाहिलं. "काय करू गा भाऊ?"

"मार ना फेरा. तिले काय समजते."

"मी तुमच्याशी बोलून राहिली, दादा."

"ट्रॅक्टर उद्या दुसरीकडं हाय," हे त्यानं दिराला सांगितलं. दगड पेटीतच राहिले.

मग कडक ऊन पडलं. वावराची खापर झाली आणि कोंब तिच्याखालीच वाकडे होऊन अडकले.

दिरानं गावातल्या घराच्या ओट्यावर चार माणसं बसवली. "बाईमाणसाच्यानं शेती होत नाही. वावर मले बटईनं द्या, पिकाचा वाटा देत जाईन. दाब हिनंच सांगितला होता."

"तुम्हीच सांगा दादा," मी रूळवाल्याला म्हटलं, "मी काय म्हणत होती?"

त्यानं बशीतल्या चहावर फुंकर मारली. "दाब जास्त झाला," एवढंच म्हणाला. कोणी सांगितला ते नाही. त्या दिवशी विहिरीकडचं अर्धं वावर दिराकडे गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हा माझ्या उरलेल्या अर्ध्यात. बोराटीचे काटे बांधून बैलांमागे ओढत होता, खापर खरवडत होता. कोपरापर्यंत ओरखडे.

"आता काहून आले?"

"खालचे कोंब जिते हायत," तो बैलांना म्हणाला.

गहू विरळ निघाला, पण निघाला. मी त्याला चहा विचारला नाही.

पुढच्या हंगामापासून तो माझ्या वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी आला की पेटीशी उभा राहून ट्रॅक्टरला विचारी, "किती दगड ठेवाचे?" मीही ट्रॅक्टरलाच सांगे, "दोन काढ." तो निमूट दोन काढी. दिराला विचारणं बंद झालं. कधी कधी मला हसू येई आणि हसू आलं म्हणून राग येई, कारण पलीकडे विहिरीजवळ दिराचा हरभरा डुलत असे.

त्याच्या मयतीला मी गेले. त्याच्या बायकोनं माझा हात धरला. "बाई, त्याइच्या जिवाले लय लागलं होतं वं. घरी कितीकदा म्हणत, बाई नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही."

मी हात सोडवून घेतला.

"हे ओट्यावर म्हणाचं होतं वं," मी म्हटलं.