हवालदारांचे आकडे

"मावशी, हा बाप आईच्या माहेरचा निघतोय."

पुण्याच्या लॅबमधून मॅडमचा फोन होता. मी सातारा स्टँडवर बाकड्यावर बसले होते. गुडघ्याला पट्टा, मांडीवर सॅम्पलची पेटी.

"म्हणजे काय?"

"म्हणजे सॅम्पल बिघडलंय. तिघांचे स्वॅब एकाच खोलीत घेतलेत. मधे हातमोजे बदलले होते का?"

मला राग आला, पण ओरडायचं वय गेलं. "बदलले होते," म्हटलं.

"मग परत घ्या. आणि या वेळी नीट बघून."

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. आधी फरशी पुसायला, मग नळ्या धुवायला, मग रक्त घेताना लोकांचे हात धरायला. शेवटी मीच रक्त घ्यायला लागले. शाळा चौथीपर्यंत. रिटायर झाल्यावर या लॅबने सातारा-सांगलीतली सॅम्पल गोळा करायला मला ठेवलं. काम सोपं आहे. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, त्याला स्वॅब म्हणतात. तो वाळवायचा. कागदाच्या पाकिटात घालायचा, प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल धरते. फॉर्म भरायचा, सील करायचं, सही घ्यायची. इतक्या वर्षांत माझं सॅम्पल एकदाही परत आलं नव्हतं. ते आता आलं, एक्काहत्तराव्या वर्षी.

प्रकरण असं होतं.

साताऱ्यातले, फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार वारले. अंत्यसंस्कार झाले, राख नदीत गेली. महिन्याभराने वडूजहून शालन नावाची पन्नाशीची बाई त्यांच्या दारात आली. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. म्हणाली, मी हवालदारांची मुलगी. लग्नाआधीची. माझ्या आईला आयुष्यभर लोकांनी खोटारडी म्हटलं. ती आता अंथरुणाला खिळली आहे, तिचं हृदय दमलंय. ती जायच्या आत एकदा खरं काय ते कागदावर येऊ दे. मला बाकी काही नको, तसं लिहून देते.

तिच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी मामाचं नाव होतं.

हवालदारांचा मुलगा प्रकाश चिडला. "आज ही आली, उद्या आणखी चार येतील."

त्याची आई कमलताई, सत्तरीची बाई. ती म्हणाली, "येऊ देत. बसायला चटया हायत घरात." आणि मला म्हणाली, "बाई, मी पन्नास वर्षं संसार केला. कुणाबरोबर केला ते मला कळायला पायजे."

म्हणजे ही तपासणी शालनपेक्षा कमलताईंनीच करवून घेतली.

आता माणूस जळून गेला तर त्याचा डीएनए कुठून आणायचा? तर तो मागे राहिलेल्या माणसांकडून गोळा करतात. डीएनएमध्ये काही ठरलेल्या जागा तपासतात. प्रत्येक जागी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा एका जागी मुलाचे आकडे बारा आणि पंधरा आहेत. आईचे बारा आणि चौदा. मग बारा आईचा, म्हणजे पंधरा बापाचा. दुसऱ्या मुलाचे चौदा आणि सतरा निघाले, तर चौदा आईचा, सतरा बापाचा. त्या जागी बाप झाला पंधरा-सतरा. असं जागा जागा करत मेलेल्या माणसाचं प्रोफाइल बनवतात. मग जी मुलगी म्हणवते, तिच्याकडे प्रत्येक जागी त्या दोनातला एक आकडा असावा लागतो.

यात एकच अडचण येते. मुलाचे बारा-पंधरा आणि आईचेही बारा-पंधरा असले, तर बापाने काय दिलं ते सांगता येत नाही. अशा जागा थोड्या असल्या तर चालतं. इथे फार होत्या. आणि ज्या जागा कळल्या, तिथला बाप कमलताईंच्या आकड्यांजवळ जाणारा. मॅडमना वाटलं, आईचा स्वॅब मुलांच्या स्वॅबला लागला.

मी स्टँडवरून रिक्षा करून परत कमलताईंकडे गेले. प्रकाश आणि त्याचा धाकटा भाऊ दोघांना कामावरून बोलावलं. प्रकाश दारातच म्हणाला, "मावशी, परीक्षेत नापास झाला व्हय?"

"हो. बस."

या वेळी एकेकाला वेगळ्या खोलीत घेतलं. प्रत्येकाला नवे मोजे. पाकिटं तीन टेबलांवर. धाकट्याने तोंड उघडायला दहा मिनिटं लावली, त्याला काडीची शिसारी येते. कमलताई चहा घेऊन आल्या आणि भिंतीवरच्या हवालदारांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "ह्ये बी असंच. दात काढायचा तर चार माणसं धरायला. आमच्या आजीचा गुण. ती दवाखान्याच्या पायरीवर आडवी पडायची."

"त्यांच्या आजीचा?"

"तीच की. माझी आजी आणि त्यांची आजी एकच. पलूसची."

मी "बरं" म्हटलं आणि फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, मयताशी नातं. खाली एक रकाना आहे: मुलांच्या आईवडिलांचं आपसात रक्ताचं नातं आहे का. होय किंवा नाही. माझा हात सवयीने "नाही"कडे गेला. पेन टेकलं, तेव्हा थांबले.

"कमलताई, हवालदार तुमचे कोण?"

"नवरा."

"त्याआधी?"

"आत्याचा ल्योक. मामाची पोर करायची रीतच हाय आमच्यात. का वं?"

मी खुर्चीत मागे टेकले. पहिल्या फॉर्मवर मीच "नाही" लिहिलं होतं. विचारलंसुद्धा नव्हतं. नवरा-बायकोत कसलं रक्ताचं नातं, असं म्हणून मी हा रकाना आजवर प्रत्येक फॉर्मवर असाच भरत आले. माझं स्वतःचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. सासूला आत्या म्हणतच मी मोठी झाले. ते मला कधी रक्ताचं नातं वाटलंच नाही. ते फक्त लग्न होतं.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, हातमोज्यांचा दोष नाही. ही बाई हवालदारांच्या मामाची मुलगी आहे. दोघांची आजी एकच."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "फॉर्मवर तर 'नाही' आहे."

"ते माझं."

"विचारलं नव्हतं?"

"नाही."

"मावशी, याआधीचे फॉर्म?"

"सगळे तसेच."

मॅडमनी सुस्कारा टाकला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढचे पंधरा दिवस मी जुने फॉर्म काढून लोकांना फोन करत बसले. तुमची बायको लग्नाआधी तुमची कोण होती? काहींनी हसून फोन ठेवला. एकाने विचारलं, "मावशी, आता सोयरीक मोडायची का काय?" साध्या बाप-मुलाच्या तपासणीत त्याने फरक पडत नाही, असं मॅडमनी सांगितलं. तरी रिपोर्ट पुन्हा बघावे लागले. माझ्यामुळे.

इकडे हवालदारांचं प्रोफाइल अर्धवटच होतं. मॅडम म्हणाल्या, "बायकोकडून भागत नाही, तर बापाकडची माणसं पाहिजेत. बहीणभाऊ आहेत का? मुलगी असली तर फार बरं. बाप आपलं एक्स गुणसूत्र मुलीला जसंच्या तसं देतो, मुलाला ते देतच नाही. शालन त्यांची असेल तर दोघी मुलींमध्ये ते सारखंच सापडेल."

हवालदारांना एक मोठी बहीण होती, तानूबाई. आणि एक मुलगी, सुनीता. दोघी पलूसजवळ एकाच घरात. सुनीता तानूबाईच्या मुलाला दिलेली. तिथेही तेच. पहिल्या वेळी निरोप धाडला तेव्हा तानूबाईने दोघींच्या वतीने नाही म्हणून कळवलं होतं.

शालनचा रोज फोन. "मावशी, रिपोर्ट कवा?" मग आवाज हळू करून, "आई जेवत न्हाई आता. नुसतं पाणी."

कराडला एसटी बदलून पलूस गाठलं. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालत होती, तीन तास लागले. तानूबाई सोप्यात बसून मशेरी लावत होती. ऐंशीची म्हातारी, ताठ.

"कशाला आलाईस ते ठावं हाय मला. मेलेल्या माणसाला कशाला उठीवताय?"

"उठवत न्हाई, आक्का. त्यांचे आकडे जमवतोय."

"पुस्तकातला हिशेब हाय व्हय माझा भाऊ?"

आतून सुनीता आली. "आत्या, द्या की. दोन मिनटांचं काम हाय. मी बी देती."

"तू गप. तुझा बाप हुता, म्हून माझा भाऊ नव्हता व्हय?"

"आईनं सांगितलंय," सुनीता म्हणाली आणि माझ्यासमोर बसून तोंड उघडलं. सासूकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा स्वॅब घेतला, वाळत ठेवला.

तानूबाई बोट दातावर तसंच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "माझं बी घे मग."

"मशेरी लावलीया. चूळ भरा. अर्धा तास काय खायचं न्हाई, लावायचं न्हाई."

"अर्धा तास बसून काय करू?"

"बसा."

तिने चुळा भरल्या. आम्ही तिघी बसलो. मी डोळे मिटून घेतले, प्रवासाने अंग दुखत होतं. दहा मिनिटांनी म्हातारी बोलली.

"ती शालन दिसती कशी?"

"मी चेहरे बघत न्हाई. गालाच्या आत बघते."

"तिची आई दिसायला बरी हुती. अनुसया. वडूजकडं दुष्काळ पडला की ती माणसं आमच्याकडं हळद काढायला यायची. आमच्याच रानात हुती ती." तिने मशेरीची डबी बंद केली. "तिचा भाऊ आला हुता मला इचारायला. ह्या दारात हुबा ऱ्हायला. तुमचा भाऊ त्या साली रजेवर आला हुता का, म्हणाला. मी म्हटलं, न्हाई. पल्टणीतच हुता."

"आणि?"

"आला हुता. दीड महिना. हितंच जेवायचा." तिने सुनीताकडे बघितलं. "कमळीशी ठरवायचं चाललं हुतं तवा. मी काय करायला पायजे हुतं?"

मी फॉर्मकडे बघितलं. फॉर्मवर असल्या गोष्टी लिहायला जागा नसते.

"झाला का अर्धा तास?" तानूबाईने विचारलं.

"अजून पाच मिनिटं."

पाच मिनिटांनी तिने तोंड उघडलं. दात चार होते. मी स्वॅब डावीकडून फिरवला, उजवीकडून फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काडीने येतं कधी कधी.

निघताना म्हणाली, "म्या सांगितल्यालं कुणाला सांगू नगंस."

"काडी सांगेल," म्हटलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. बहीण आणि मुलगी आल्यावर बाकीच्या जागा भरल्या. जन्माला घातलेली तीन पोरं, बायको आणि बहीण यांच्यातून हवालदार कागदावर उभे राहिले. त्यांच्याशी शालनचे आकडे जुळले. सुनीता आणि शालन यांच्यात ते बापाकडचं गुणसूत्र सारखंच निघालं. लॅब कधी "आहे" असं लिहीत नाही, "असण्याची शक्यता अत्यंत दाट" असं लिहिते. मॅडमनी फोनवर सरळ सांगितलं, "आहे."

कमलताईंना पहिलं वाचून दाखवलं. प्रकाश उठून गॅलरीत गेला. कमलताईंनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिची आई हाय अजून?"

"हाय."

"मग हितं काय बसलाय? जावा की."

मी वडूजला गेले. शालनने आईला उशी लावून बसवलं. अनुसयाबाई हाताएवढी उरली होती. मी वाचलं. तिने ऐकून घेतलं, चेहरा हलला नाही.

"मला काय नवं सांगताय? पोरीचं नाव दावा त्यात."

रिपोर्टवर नावं नसतात. नमुना एक, नमुना दोन, असं असतं. नावं असतात ती फॉर्मवर, माझ्या हातची. फॉर्मची एक कॉपी मागणाऱ्याला देता येते, मी आणली होती. ती तिच्या हातात दिली. तिला वाचायला थोडं येत होतं. बोट ठेवत ठेवत ती शालनच्या ओळीपर्यंत आली. मयताशी नातं: मुलगी (दावा).

"दावा म्हंजे?"

"म्हणजे... ती म्हणते."

"अजून म्हणतीच?"

शालन म्हणाली, "आई, जाऊ दे." म्हातारीने बोट उचललं नाही.

फॉर्मवर चूक झाली तर खाडाखोड करायची नसते. एक सरळ रेघ मारायची, शेजारी भरणाऱ्याने सही करायची. त्याच कागदावर खाली रक्ताच्या नात्याच्या रकान्यात मी "नाही"वर तशी रेघ मारून "होय" लिहिलं होतं. लॅबमधल्या मूळ फॉर्मला आता हात लावता येत नाही. कॉपीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. मी पेन काढलं, "दावा"वर रेघ मारली आणि सही केली.

अनुसयाबाईने कागद उशीखाली सरकवला. "आता पाणी दे," शालनला म्हणाली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. हवालदारांच्या वर्षश्राद्धाला कमलताईंनी शालनला बोलावलं. प्रकाश तिच्याशी बोलला नाही, पण चटई त्यानेच टाकली.

मी अजून हे काम करते, गुडघे परवानगी देतील तोवर. सांगण्यासारखं एवढंच, की ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीतच आहे असं वाटतं, तो आधी विचारावा. मी आता नवरा-बायकोला समोर बसवून पहिलं तेच विचारते, लग्नाआधी एकमेकांचे कोण होता. निम्मे लोक चिडतात. मी लिहून घेते.