रिकामा फोल्डर

चिखलीत छोट्या दुकानदारांचे आणि माझ्यासारख्या घरबसल्या भाषांतरं करणाऱ्यांचे टॅक्सचे कागद आमचा अकाउंटंट बघतो. कायम घाईत. हेल्मेट न काढताच बोलतो. पूर्वी बिलांसाठी फोन करून पिडायचा. मग ईमेलमधली बिलं आपोआप त्याच्या कॉम्प्युटरवर ज्याच्या-त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतील अशी सोय त्याने केली.

"आता तुमचं डोकं नाही खात, बाप्पा!" म्हणाला. फोन खरंच थांबले. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात मी तापाने पडून होतो, घरात एकटाच. एका सकाळी तो दारात उभा.

"पंधरा दिवस झाले, तुमच्या फोल्डरात एक बिल नाही. म्हटलं, झालं काय या मानसाले?"

मग त्याने हेल्मेट ओट्यावर ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं. त्याला टक्कल आहे, हे मला त्या दिवशी कळलं.