खाचेवरची चिकटपट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांचे सिनेमे कापत आले त्या दिग्दर्शकांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट माहीत नाही.

मी सिनेमाची संकलक. नव्या मुलांच्या शिबिरांत मला बोलावतात, आणि एक प्रश्न ठरलेला असतो : मॅडम, तुम्ही हेच सॉफ्टवेअर का निवडलं? आता तर फारसं कुणी वापरत नाही. मी म्हणते, हात बसलाय, कधी दगा देत नाही. मुलं लिहून घेतात. पण निवडलं म्हणजे काय? आमच्या धंद्यात कोण काय निवडतं? पहिल्या उस्तादाच्या दुकानात जे असतं तेच जन्मभर गळ्यात पडतं. एवढं मी सांगते. उस्तादाकडून ते माझ्याकडे कसं आलं — तिथे आले की घोटभर पाणी पिते आणि पुढचा प्रश्न घेते.

मी देगलूरची. बारावीनंतर वडिलांनी लातूरला क्लासला ठेवलं. मेडिकलसाठी दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटले. राहायला गफ्फारभाईंच्या माडीवर होते. खाली त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. जेवायला भाईंच्या पत्नी, चाची, घालायच्या. क्लासवाल्यांना तेव्हा नवी हौस आली होती, सत्कार समारंभात गुणवंतांचे फोटो पडद्यावर गरगरत यायला हवेत. त्यासाठी भाईंनी संगणक घेतला आणि त्यात ते सॉफ्टवेअर आलं. संगणकाच्या मागे बोटभर लांबीचं डोंगल लावल्याशिवाय ते उघडायचंच नाही. भाई त्याला कुलूप म्हणायचे. त्यांना मराठी टाइप करता येईना, मला येत होतं. म्हणून मी बसू लागले. गुणवंतांत माझा फोटो लागणार नव्हता, निदान दुसऱ्यांचे उडवायला मिळाले — नको, गंमत करायला मी बसलेली नाही.

आधी कॅसेटचं सांगायला हवं. लग्नाची मूळ कॅसेट दोन-तीन वर्षं ठेवायची, मग तिच्यावर पुढचं लग्न रेकॉर्ड करायचं, ही सगळ्याच स्टुडिओंची रीत होती. भूकंपानंतर भाईंनी एक फळी वेगळी केली. किल्लारीकडच्या लोकांच्या लग्नांच्या कॅसेट तिच्यावर. प्रत्येक कॅसेटची मागची छोटी प्लास्टिकची पट्टी त्यांनी स्वतः मोडली होती. ती मोडली की मशीन तिच्यावर रेकॉर्ड करत नाही. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "बेटा, ह्या फळीला हात न्हाई लावायचा. ह्यातले लई लोक आता ह्या कॅसेटीतच हायेत."

पट्टी मोडल्यावर जी खाच राहते, तिच्यावर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. हेही भाईंनीच शिकवलं होतं.

भूकंपाला सहा-सात वर्षं होऊन गेली असतील. उन्हाळ्यातली दुपार. भाई नमाजला गेलेले. क्लासचं दोन मिनिटांचं टायटल मी तयार केलं होतं, ते टीव्हीवर कसं दिसतं ते बघायचं होतं. कोऱ्या कॅसेट संपल्या होत्या. दुकान चार पावलांवर होतं, पण ऊन होतं. कारण एवढंच — ऊन होतं. मी त्या फळीवरची एक कॅसेट काढली. तिच्यावरची नावं वाचली. हो, वाचली. खाचेवर चिकटपट्टी लावली, रेकॉर्ड दाबलं आणि चाचींकडे चहाला गेले.

टायटल दोन मिनिटांत संपलं. मशीन मी थांबवलंच नव्हतं. परत आले तोवर टायटलच्या पुढे तासभर नुसतं काळं रेकॉर्ड झालं होतं. कॅसेट जागेवर ठेवून दिली. चिकटपट्टीसुद्धा काढली नाही. घाबरले होते का? आठवत नाही. बहुधा नव्हते.

महिनाभरानं बळीराम आले. सोबत त्यांची मुलगी, दुसरी-तिसरीतली. भूकंप झाला तेव्हा ती तान्ही. दूध तोडायचं म्हणून तिला आजोळी नायगावला नेऊन ठेवलं होतं, म्हणून वाचली. तिची आई गेली. घर गाडलं गेलं, त्यात फोटो गेले, घरची कॅसेट गेली.

"भाई, आमच्या लग्नाची कॅसेट तुमच्यापाशी ऱ्हायली आसंल का? पोरगी इचारायलीय, माय कशी व्हती. मला काय सांगता येईना."

भाईंचा चेहरा उजळला. "हाय की! जपून ठेवली ना."

त्यांनी फळीवरून कॅसेट काढली. कोणती, ते तुम्हाला कळलंच असेल.

पडद्यावर माझं टायटल आलं. तीन गुणवंत गरगरत आले आणि गेले. मग काळं. भाईंनी कॅसेट पुढे पळवली — काळं. अजून पळवली. बळीराम संकोचून म्हणाले, "मशीन बिघडली का काय?" अगदी शेवटी चित्र आलं. पाठवणीचं. नवरी आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडतेय, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. तशीच ती जीपमध्ये बसली आणि कॅसेट संपली.

"हीच का माय?" मुलीनं विचारलं.

"व्हय. रडायलीय ना, म्हणून तोंड दिसंना."

भाईंनी कॅसेट बाहेर काढली. खाचेवरून बोट फिरवलं. चिकटपट्टी लावणारे त्या दुकानात दोघंच होतो. "शैला, ही तू लावलीस का?"

मी चहाचे कप घेऊन उभी होते. "नाही," म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं बोलले असते का? नसते. ते बळीरामांकडे वळले. "मग माझ्याच हातून झालं, पावणं. डोळे गेले माझे. माफ करा." आणि त्या माणसानं उलट भाईंचीच समजूत काढली, "आसू द्या भाई, तुमी काय मुद्दाम कराल व्हय?" ती कॅसेट तशीच घेऊन बापलेक गेले.

दुसऱ्या दिवसापासून भाई मशीनवर बसले नाहीत. नजर चांगली होती, चाचींनी डॉक्टरांकडून तपासून आणली होती. पण आता हाताचा भरवसा नाही, म्हणायचे. ते फोटो फ्रेम करत बसू लागले आणि संगणकावर मी. ती रिकामी झालेली खुर्ची मिळाली नसती तर देगलूरला परतले असते. पुढे मुंबईला निघाले तेव्हा त्यांनी ते कुलूप रुमालात बांधून माझ्या हातात ठेवलं. "तुझंच हाय हे. इथं कोण चालवणार?"

ते सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं ते असं.

भाई गेले तेव्हा मी लातूरला गेले होते. चाची सांगत होत्या, शेवटपर्यंत एकच धरून बसले होते, "त्या फळीवरच्या कॅसेट माझ्यापासून लांब ठेवा, मी पुसून टाकीन." मी चाचींच्या शेजारी बसून ऐकलं. चहा दिला, तो घेतला. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.