गाडीभर आवाज

मागच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम पाच हजार रुपये. ठिकाण नांदेड, माझ्या थोरल्या बहिणीच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. हजर चौघं: मी, माझी मुलगी, बहीण म्हणजे आमची अक्का, आणि अक्काचा मुलगा.

भाचा डीजे आहे. वरातींसाठी आणि जयंतीच्या मिरवणुकीसाठी तो कॉम्प्युटरवर नाचायची गाणी तयार करतो. आजवर दुसऱ्यांच्या गाण्यांना ठेका लावायचा. आता त्याला स्वतःचं नवं गाणं काढायचं होतं आणि मध्ये पाहुण्या कलाकाराचा रॅप हवा होता; पाच हजार त्याचेच. माझी मुलगी लातूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅदरिंगमध्ये तिनं रॅप म्हटलेला त्यानं मोबाइलवर पाहिला होता.

"हिंदीत म्हण," भाचा म्हणाला. "निजामाबादपस्तोर वाजलं पाह्यजे."

"दादा, मी ज्या भाषेत भांडते त्याच भाषेत म्हणणार."

"मग तर लई लांब ऐकू जाईल," अक्का दारातून बोलली.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. पंखा बंद. घाम पुसत मुलीनं सुरुवात केली, आणि मधल्या दोन ओळींना मी मान वर केली:

शिरूरची हाय मी, नको पत्ता इचारू
गाडीभर आवाज, सांग कुठं उतारू?

आमचं मूळ गाव शिरूर अनंतपाळ. नोकरी लागली तसा मी आधी रेणापूरला आणि मग लातूरला आलो. कुणी गाव विचारलं तर मी लातूर सांगतो, सोपं पडतं. मुलगी जन्मली लातुरात, शिकली लातुरात, आणि माईकपुढं उभी राहून शिरूर म्हणाली. रॅप झाल्यावर आम्ही लातूरला निघालो. बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली, एवढंच.

मार्चअखेर भाच्यानं गाणं पाठवलं. आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, जेवता जेवता ऐकत होतो. मुलीचा आवाज आला, "शिरूरची हाय मी" झालं, आणि पुढच्या शब्दांवर एका पुरुषाचा घोगरा आवाज भाच्याचं नाव-गाव ओरडून गेला. याला ते टॅग म्हणतात. गाणं दुसऱ्या डीजेनं चोरू नये म्हणून प्रत्येक जण आपलं नाव गाण्यात घुसवतो. पण त्याखाली मुलीची अख्खी दुसरी ओळ बुडाली होती.

"पप्पा, मला झाकायचंच होतं तर बोलावलं कशाला?" असं म्हणून तिनं फोन पालथा ठेवला. ताट तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नांदेडची बस धरली. भाच्याला म्हटलं, "ठरलं होतं रॅपचं. ती ओळ ऐकू येत नसेल तर ठराव मोडला. तू टॅग काढ, नाहीतर तिचा आवाज काढ."

"मामा, बसा तर आधी." त्यानं गाणं लावलं. "टॅग सुरवातीला टाकला तर लोक तेवढं कापून फेकतात अन् गाणं आपलं म्हणून वाजवतात. म्हणून तो गाण्यातल्या सगळ्यात भारी जागी टाकायचा. तिथं कापलं की गाणंच मरतं."

"म्हणजे अख्ख्या गाण्यात भारी जागा तिची?"

तो खाली बघून म्हणाला, "हाव."

"मोठ्यानं बोल की रे," अक्का म्हणाली. "घरात कुणाला चांगलं म्हणताना तुझी जीभ झिजते का?"

मी मुलीला फोन लावला आणि त्याला तेच पुन्हा बोलायला लावलं.  ती म्हणाली, "टॅग मीच म्हणते. दादा, नाव तुझं, आवाज माझा, एका दमात. मग कापून दाखवू दे कुणी. अन् गाण्याच्या नावापुढं माझं नाव पाह्यजे."

"लई शहाणी हायस," भाचा म्हणाला. मी हसलो नाही, पण मला तसंच वाटलं होतं.

तसंच झालं. ती येऊन परत म्हणून गेली. त्याचं नाव आता तिच्या ओळीतच बसलं आहे; वेगळं काढता येत नाही.

गाणं बाहेर आल्यावर मोबाइलवर किती जणांनी ऐकलं तो आकडा मी लिहीत नाही. तो रोज बदलतो. माझ्या कानानं ऐकलेलं सांगतो. एप्रिलात नांदेड स्टेशनवरून अक्काच्या घरी जाताना तीन ऑटोंत ते वाजत होतं. आणि लातूरच्या जयंतीच्या मिरवणुकीत त्या ओळीपाशी डीजेच्या गाडीवाल्यानं आवाज मुद्दाम बंद केला, तेव्हा पुढं नाचणाऱ्या पोरींनी ती मोठ्यानं पुरी केली. शेजारचा अनोळखी माणूस मला म्हणाला, "काय पोरगी हाय राव! कुणाची आसंल?"

"माझी," मी म्हणालो.

"काय सांगता!" म्हणत त्यानं माझा हात हातात घेतला, तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

मेमध्ये भाच्यानं हिशेब पुरा केला. रॅपचे पाच हजार, आणि टॅगचे दीड हजार वेगळे, कारण ते काम आधी ठरलेलं नव्हतं. एकूण साडेसहा हजार रुपये, मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात.