अल्बमच्या पहिल्या पानावरचं दार

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. जुन्या केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली चोरी कुठल्या ठाण्यातली, हे सांगायला डोकं खाजवावं लागतं. पण एखाद्या फोटो स्टुडिओच्या काचेत नवरा-नवरीचा मोठा केलेला फोटो दिसला, की एक केस मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर उभी राहते. त्यातली माणसं अजून आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मी दिल्लीतच वाढलो आणि इथल्याच पोलीस खात्यात भरती झालो. त्या काळात मी द्वारका भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. मेट्रोचे खांब अजून उभे राहत होते. सोसायट्या भराभर वर चढत होत्या, पण निम्मे फ्लॅट रिकामे असायचे आणि पाणी टँकरने यायचं. नवरा-बायको दोघंही सकाळी दाराला कुलूप लावून ऑफिसला जात. शेजारी कोण राहतं हे कुणाला ठाऊक नसे. चोराला यापेक्षा चांगली वस्ती सापडणार नाही.

एका हिवाळ्यात तिथे लागोपाठ तीन घरफोड्या झाल्या, तिन्ही दिवसाढवळ्या. साधा चोर घरात शिरला की उलथापालथ करतो. गाद्या फेकतो, पिठाच्या डब्यात हात घालतो. या चोराने तसं काहीच केलं नव्हतं. तो सरळ आतल्या खोलीत गेला, कपाट उघडलं, दागिने घेतले आणि निघून गेला. घर त्याच्या ओळखीचं होतं. अशा वेळी सगळ्यात आधी मोलकरणी आणि ड्रायव्हर ठाण्यात आणले जातात, तसे आम्हीही आणले. त्या बिचाऱ्यांकडून काही निघालं नाही. सोसायट्यांच्या कमिट्या रोज ठाण्यात येऊन बसू लागल्या. त्यांत निवृत्त अधिकारी बरेच, म्हणजे प्रत्येकाची वर ओळख. आमचे ठाणेदार रोज सकाळी मला बोलावून एकच प्रश्न विचारत आणि मी रोज एकच उत्तर देई.

मग एक दिवस एक फोटोग्राफर आपण होऊन ठाण्यात आला. त्याचा स्टुडिओ त्याच बाजारात होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "जनाब, एक बात है. उन तीनों घरों में शादी हुई थी. और तीनों की फोटो एक ही दुकान ने खींची है."

धंद्यातल्या स्पर्धकाने दिलेल्या खबरीत अर्धी असूया असते. पण उरलेली अर्धी खबर असते, म्हणून ती तपासायची. तपासली, तर खरी निघाली.

ते दुकान दोन मित्रांनी भागीदारीत काढलेलं होतं. दोघंही मराठी, सरकारी क्वार्टर्समध्ये शेजारी शेजारी वाढलेले. एकजण केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून होता. फोटोच्या वेडापायी त्याने पक्की नोकरी सोडली. दुसरा एका कलर लॅबमध्ये काम करायचा. गोड बोलणारा, गिऱ्हाईक धरून ठेवणारा. पहिला फोटो काढायचा, दुसरा दुकान बघायचा. आमच्या हेड कॉन्स्टेबलने पहिल्याच दिवशी त्यांची नावं ठेवली, कॅमेरा आणि काउंटर. मीही इथे तीच वापरतो.

दोघांना ठाण्यात बोलावलं. माझी नेमप्लेट वाचून कॅमेराच्या जिवात जीव आला. "साहेब, तुम्ही आपलेच," असं काहीतरी तो बोलू लागला. मी त्याला हिंदीतच थांबवलं. पुढची चौकशीही हिंदीतच झाली, इथे मी ती मराठीत देतोय. हेड कॉन्स्टेबल शेजारी उभा होता आणि त्याचं आधीच मला विचारून झालं होतं, "जनाब, आपकी तरफ के हैं?" अशा वेळी भाषा सांभाळावी लागते. आपल्या माणसाशी मराठीत दोन वाक्यं बोललो, तरी संध्याकाळपर्यंत ठाणेभर होतं की साहेबांनी मिटवून टाकलं.

नियम असा की दोघांना वेगवेगळं विचारायचं. काउंटरला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि कॅमेराला आत घेतलं. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, हे दहा मिनिटांत कळलं. पण तो घाबरलेला होता, आणि ती भीती पोलिसांची नव्हती. त्याची नजर सारखी खाली जात होती. मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे चौकशीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे आणि नव्या मुलांना ते कधीच वापरता येत नाही.

शेवटी तो म्हणाला, "साहेब, आमचे नमुन्याचे अल्बम असतात. गिऱ्हाइकाला दाखवायला. तो ते पिशवीत घालून दुकानाबाहेर नेतो. मी दोन-तीनदा पाहिलं."

"त्याला विचारलं नाही?"

"मित्र आहे, यार..." तो चाचरला. "सॉरी, साहेब. मित्र आहे. विचारलं तर त्याला काय वाटेल?"

"तुम्हाला त्याच्यावर शक आहे का?"

तो मान हलवून म्हणाला, "आहे." आणि लगेच पुढे झुकून, "पण हे लिहू नका."

इथे बोललेलं लिहावं लागतं, असं मी त्याला सांगितलं आणि लिहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्या क्षणापासून त्या माणसाला चोरीची काळजी उरली नाही. आपण मित्राचं नाव घेतलं हे मित्राला कळेल, एवढीच एक काळजी त्याला लागली.

मग त्याला बाहेर बसवून काउंटरला आत घेतलं. अल्बम दुकानाबाहेर जातात का, असं विचारल्यावर तो ठामपणे म्हणाला, "नाही. बिल्कुल नाही." खोटं बोलतोय हे स्पष्ट होतं. पण त्याची तऱ्हा वेगळी होती. मी टेबलावर हात आपटला तरी तो दचकला नाही. बाहेर बाकावर कॅमेरा खोकला, की मात्र याची नजर दाराकडे जायची. असं दोनदा, तीनदा झालं. ठाण्यात आलेला माणूस पोलिसांपासूनच लपवत असतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो बाहेर बाकावर बसलेल्या माणसापासून लपवत असतो.

मी कॅमेराला एका शिपायाबरोबर दुकानात पाठवलं, सगळे अल्बम घेऊन यायला. हेड कॉन्स्टेबललाही चहा सांगायला बाहेर काढलं. मग पहिल्यांदा मराठीत बोललो. "तो गेला. आता बोला."

काउंटरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सगळं सांगितलं. लग्नाचा फोटोग्राफर ठरवायला पुरुष दुकानात येतात, पण ठरवतात घरातल्या बायका. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणायचं, अल्बम एक दिवस घरी द्या, बायकांना दाखवतो. काउंटर द्यायचा. कधी तर स्वतः घरपोच करायचा. एकदा एक अल्बम डाळीचा डाग पडून परत आला. कॅमेरा आपल्या कामाला देवासारखं जपणारा. तो चार दिवस याच्याशी बोलला नाही. मग याने शपथ घेतली की पुन्हा अल्बम बाहेर जाणार नाही. आणि तरीही तो देत राहिला, कारण दिला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं.

"त्याला सांगू नका, साहेब," तो म्हणाला. "नोकरी सोडून आलाय तो माझ्या शब्दावर. मी शब्द मोडला हे कळलं तर संपलंच सगळं."

घरफोडीच्या संशयात बसलेला माणूस मला अल्बमबद्दल गयावया करत होता. माझा त्याच्याबद्दलचा संशय तिथेच संपला. मी विचारलं, एकाच गिऱ्हाइकाने पुन्हा पुन्हा अल्बम नेले आहेत का?

तो विचारात पडला आणि बघता बघता त्याचा रंग उडाला. एक जोडपं होतं. चांगल्या कपड्यांतलं, चांगल्या घरचं दिसणारं, मुलीचं लग्न काढलेलं. दर वेळी अल्बम परत आणायचं आणि म्हणायचं, घरात हा पसंत पडला नाही, दुसरा द्या. त्यांनी नेलेले अल्बम त्याने आठवून सांगितले. त्यांत फोडलेली तिन्ही घरं होती.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता एक त्यांच्याकडे आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात कॅमेरा उरलेले अल्बम घेऊन आला. मी एक उघडला. पहिल्याच पानावर घराचं दार होतं. झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर रांगोळी आणि स्पष्ट वाचता येणारी पाटी, नाव, सोसायटी आणि फ्लॅट नंबरसकट. दुसरा उघडला, तिथेही दार. कॅमेरा त्या परिस्थितीतही जरा अभिमानाने म्हणाला, "ही माझी स्टाइल आहे, साहेब. अल्बमची सुरुवात मी घराच्या दारापासून करतो." पुढच्या पानावर नवरी आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर नटत होती, त्याच्या पुढे पलंगावर मांडलेले दागिने, त्याच्या पुढे एकेक नातेवाईक. चोराला आणखी काय हवं? मिठाईचा पुडा हातात घेऊन गेटवरच्या चौकीदाराला सांगायचं की अमक्यांकडे जायचंय, ज्यांच्या मुलीचं लग्न झालं. चौकीदार सलाम ठोकून आत सोडणार.

एकाने दाराचे फोटो काढले नसते, तर नेलेल्या अल्बमचा चोराला उपयोग नव्हता. दुसऱ्याने अल्बम दिले नसते, तर दाराचे फोटो दुकानातच राहिले असते. दोघंही मन लावून धंदा करत होते आणि दोघांच्या मधल्या फटीतून चोर आत आला.

बाहेर असलेला अल्बम ज्या घराचा होता, तिथे आम्ही धावलो. उशीर झाला असता तर ठाणेदारांना तोंड दाखवायला जागा नव्हती. कुलूप शाबूत होतं. घरमालकीण बँकेत नोकरीला होती. तिला विश्वासात घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोजच्यासारखी कुलूप लावून जाऊ लागली आणि आम्ही तिघं आत बसू लागलो, मी, एक शिपाई आणि एक महिला कॉन्स्टेबल. परक्याच्या घरात श्वास रोखून बसणं फार वाईट. फ्रिज सुरू झाला तरी तिघांच्या माना दाराकडे वळायच्या. डोक्यावरून विमान गेलं की जिन्यातली पावलं ऐकू यायची नाहीत, आणि विमानतळ जवळ असल्याने विमानं तर सारखीच जायची. पहिला दिवस असाच फुकट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. आम्ही हललो नाही. पुन्हा वाजली. मग कुलपात काहीतरी खरखरलं आणि दार उघडलं. बाईच्या हातात खरोखरच मिठाईचा पुडा होता.

पकडलेल्या त्या जोडप्याची भाड्याची खोली शेजारच्या हरियाणात, फरीदाबादला निघाली. तिथल्या ठाण्यात रीतसर नोंद करून आम्ही झडती घेतली. बराचसा मुद्देमाल मिळाला, अल्बमही मिळाला. वृत्तपत्रात चार ओळी आल्या. ठाणेदार त्या सकाळी माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलले.

सर्वसाधारण माणसाला वाटतं, केस इथे संपली. खटला उभा राहायला काही वर्षं गेली. दुकान चालू होतं, उलट वाढलं होतं. त्या काळात कॅमेरा अधूनमधून ठाण्यात यायचा. खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि चहा गार करायचा.

"साहेब, तो माझा जबाब कोर्टात वाचतात का?"

"वाचतील किंवा नाही वाचणार. वकिलावर आहे. तुम्ही आधी त्याला सांगून टाका ना."

"सांगतो," तो म्हणायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न घेऊन यायचा. दर वेळी आधीपेक्षा बारीक झालेला दिसायचा. मला त्याची दयाही यायची आणि रागही. अल्बम देण्याची गोष्ट काउंटरने त्याला कधीच कबूल करून टाकली होती, माफीही मागितली होती. हा मात्र आपलं ओझं उराशी धरून बसला होता.

साक्षीचा दिवस आला. काउंटरची साक्ष आधी झाली आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मग कॅमेरा पिंजऱ्यात उभा राहिला. आरोपीच्या वकिलाला एवढंच दाखवायचं होतं की खरा चोर दुकानातलाच आहे. त्याने कागद उचलला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आपने पुलिस को कहा था कि आपको अपने पार्टनर पर शक है. कहा था या नहीं?"

कॅमेराने मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. त्याने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. "कहा था," तो म्हणाला. त्याचा आवाज मला पहिल्या रांगेतही जेमतेम ऐकू आला.

केसवर त्याचा काही परिणाम झाला नाही. पुरावा पक्का होता आणि पुढे शिक्षाही झाली. पण त्या दिवशी माझं लक्ष खटल्यात नव्हतं. साक्ष संपल्यावर मी व्हरांड्यात आलो, तेव्हा दोघं खिडकीपाशी उभे होते. कॅमेराची मान खाली होती.

काउंटर शांतपणे बोलत होता. "ठाण्यातून परत आल्यावर मला त्याच दिवशी कळलं होतं, रे. पोलिसांनी नेमकं अल्बमचंच कसं विचारलं? अल्बम नेताना तुझ्याशिवाय मला कोणी बघितलं होतं?"

कॅमेराने वर पाहिलं. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," काउंटर म्हणाला. मग खिशातून स्कूटरची किल्ली काढून एकटाच जिना उतरून गेला. त्या उन्हाळ्यात त्यांनी भागीदारी मोडली.

शंका घेणं हा गुन्हा नाही. मित्रावरही येते. घरातल्या माणसावरही येते. ती मी स्वतः सांगायची की माझ्याऐवजी दुसऱ्याने सांगायची, एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते फार दिवस हातात राहत नाही. या केसनंतर मी एक पद्धत ठेवली. दोन मित्र किंवा दोन भाऊ एकाच चौकशीत आले, निर्दोष ठरले आणि एकाने दुसऱ्याचं नाव घेतलेलं असलं, की मी दोघांना माझ्यासमोर बसवायचो आणि म्हणायचो, जे मला सांगितलंत ते आता एकमेकांना सांगा, नाहीतर उद्या एखादा वकील सांगेल. माझे वरिष्ठ याला रिकामपणचे उद्योग म्हणत. एकदा दोन भाऊ माझ्या टेबलासमोरच एकमेकांच्या अंगावर धावून गेले. एकाचा शर्ट फाटला, माझा चहा फायलींवर सांडला. शिपायांनी त्यांना ओढून वेगळं केलं. मी फायली पुसत बसलो आणि मला मनापासून बरं वाटलं, कारण हे दोघे वाचले होते.