सावनीची हजामत

कामशेतच्या बाजारपेठेत अब्दुलचाचांनी अडतीस वर्षं लोकांचे केस कापले आणि त्या अडतीस वर्षांत एकच गोष्ट मनापासून मानली: वाढलेलं काही दिसलं की ते कापायचं. केस असोत, दाढी असो, नाहीतर खुर्चीत बसून एखाद्या पुढाऱ्यानं फार लांबवलेली गोष्ट असो, चाचांची कात्री चालायची आणि माणूस नीटनेटका होऊन उठायचा. महिन्यातून एकदा यायचंच, हा त्यांचा दंडक होता. कुणी दोन महिन्यांनी उगवला, तर चाचा त्याला खुर्चीत बसवण्याआधी नुसते त्याच्या डोक्याकडे बघत उभे राहायचे. त्या माणसाला आपोआप लाज वाटायची.

मग गुडघे गेले. उभं राहून राहून दोन्ही गुडघ्यांनी एकदमच संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, आता उभ्यानं करायचं काम बंद. दुकान मुलाकडे, अजीमकडे आलं आणि चाचा घरी बसले. घरी कसले, सकाळी दहाला ते दुकानातल्या बाकड्यावर हजर असायचे. अजीमच्या हाताकडे टक लावून म्हणायचे, "कानामागं बघ. डावीकडं जास्त राहिलंय." अजीम बापाचा मान ठेवणारा मुलगा. तो कानामागं बघायचा आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचा.

त्याच सुमारास वडिवळ्याच्या रस्त्याला त्यांचं स्वतःचं घर झालं. तोवर सगळा संसार दुकानामागच्या दोन खोल्यांत गेला होता. चाचांच्या बायकोची, मेहरुनची बाग म्हणजे तेलाच्या डब्यात लावलेला पुदिना. नव्या घरापुढे मात्र चार पावलं रुंद अशी मातीची पट्टी होती आणि तिच्यावर दिवसभर ऊन पडायचं. तिथं काय लावायचं हे मेहरुननं फार आधी ठरवून ठेवलं होतं.

मेहरुन लोणावळ्याच्या बंगल्यांचे पडदे शिवून द्यायची. एकदा पडद्यांची मापं घ्यायला गेली असताना एका फाटकाशी तिनं ते झुडूप पाहिलं. ताम्हणाच्या कुळातलं, पण ठेंगणं. नर्सरीवाले त्याला सावनी म्हणतात. गुलाबी फुलांचे तुरे फांद्यांच्या टोकांना लगडलेले आणि प्रत्येक पाकळीची कड अशी चुणीदार, की मेहरुन बराच वेळ विचार करत राहिली, ही झालर कोणत्या मशीनवर घालता येईल. घर होताच तिथल्या माळ्याकडून तिनं पेन्सिलीएवढी जाड काडी मागून आणली. नव्या घरी आल्यावर पहिलं काम तिनं हे केलं, की पट्टीच्या मधोमध ती काडी खोचली. काडी जगली, फुटली, वर्षात कमरेएवढी झाली. बुडातून निघणारे फालतू फुटवे मेहरुन हातानं काढायची, शेणखत घालायची, पाणी बेतानं द्यायची. आणि चाचा? चाचांना एक नवं गिऱ्हाईक मिळालं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्टूल घेऊन सावनीपुढे बसायचे. जुनी कात्री, जुना कंगवासुद्धा. बसल्या जागी हात पोचेल तेवढ्या उंचीवर वरून सपाट, बाजूनं गोल, अशी ते तिची हजामत करायचे. झाल्यावर मान मागे घेऊन, एक डोळा बारीक करून बघायचे. दोन पानं जास्त वाटली तर तीही उडवायचे. रस्त्यानं जाणारे लोक थांबून म्हणायचे, "वा चाचा, काय आकार दिलाय!" चाचांची छाती फुगायची. झाड अगदी शाळेत पहिल्या दिवशी निघालेल्या मुलासारखं दिसायचं.

तीन वर्षं असं चाललं आणि तीन वर्षांत त्या झुडपाला एक फूल आलं नाही.

मेहरुन बोलणारी बाई नव्हे. पण जानेवारीतल्या एका सकाळी चहाचा कप चाचांच्या हातात देताना ती म्हणाली, "अहो, या पावसाळ्यापर्यंत वाट बघते. नाही फुललं तर काढून टाकू. शेवगा लावू. निदान शेंगा तरी मिळतील." आवाज साधाच होता. पण चाचांनी बायकोबरोबर चाळीस वर्षं काढली होती. लग्नापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तीही एका काडीची. शेंगांची आमटी तिला आवडत नव्हती, हेही चाचांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात वडिवळ्याचा शिदू आला. धरणाखाली त्याची भातखाचरं, आणि त्याचं डोकं वीस वर्षं चाचांच्या हाताखालून गेलेलं. तो बैलगाडीभर कवळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला तोडलेल्या झाडांच्या फांद्या, घेऊन घरापुढून चालला होता. चाचा स्टुलावर बसून सावनीच्या टाळूवरून कात्री फिरवत होते. शिदूनं गाडी थांबवली आणि बराच वेळ बघितलं.

"चाचा, ह्ये काय करताय?"

"कटिंग."

"किती डाव करता?"

"महिन्याला एकदा. पहिल्यापासून सवय लावलीय त्याला."

शिदू खाली उतरला. त्यानं एक फांदी बोटांत धरली आणि तिचं टोक चाचांपुढं केलं. "ह्ये कोवळं टोक हाय न्हवं, फूल हितंच येनार. नव्या फुटीला. आन तुमी दर म्हैन्याला त्येच खुडताय. मग फूल कुटनं यील? आमी कवळ तोडतो ती वर्सातनं एकदा. थंडीत. त्येच्यानंतर झाडाकडं बगत बी न्हाई. ह्येला आत्ताच काय ती एकदा कात्री लावा आन मग हात लावू नगा."

"अजिबात?"

"अजिबात न्हाई."

चाचांचा चेहरा पडला. मेहरुन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तीन वर्षं ज्याला ती नशीब म्हणत होती, ते नशीब समोर स्टुलावर कंगवा घेऊन बसलं होतं. चाचांना वाटलं, आता आपली धडगत नाही. पण मेहरुन आधी तोंडाला पदर लावून आणि मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चाचांना तिच्या रागापेक्षा त्या हसण्याचीच जास्त लाज वाटली.

शिदूच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी त्या दिवशी शेवटची कात्री चालवली. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, वाळकी काटकी, आतली गर्दी काढली. पाच चांगल्या फांद्या उभ्या ठेवल्या, म्हणजे मधून वारा खेळेल आणि पावसात पानांवर पांढरी बुरशी धरणार नाही. काम झालं तसा मेहरुननं हात पुढे केला. चाचांनी कात्री दिली. मग धाकटी कात्री दिली. मग, तिनं हात मागे घेतला नाही म्हणून, खिशातली मिशीची कात्रीही दिली. तिन्ही कात्र्या कपाटात गेल्या आणि किल्ली तिच्या कमरेला.

फेब्रुवारीत तांबूस कोंब फुटले आणि चाचांचे हाल सुरू झाले. कोंब सरळ वर जातील तर शप्पथ. एक इकडे, एक तिकडे, एक थेट फाटकाच्या गजांतून रस्त्यावर. चाचा सकाळी उठले की आधी खिडकीतून बघायचे आणि कळवळायचे. रस्त्यानं जाणारे आता थांबून म्हणायचे, "चाचा, बरं नाही का?" चाचा खुर्ची फिरवून झाडाकडे पाठ करून बसायला लागले.

रमजान ईदच्या आदल्या दिवशी त्यांचा धीर सुटला. घर धुऊन पुसून लख्ख, खिडक्यांना मेहरुनचे नवे पडदे, उद्या पुण्याचे पाहुणे येणार, आणि दारात हे असं दाढी वाढलेलं! मेहरुन शेवया भाजत होती. चाचा हळूच बाहेर गेले आणि फाटकावर लोंबणारा एकच कोंब त्यांनी नखानं खुडला. एकच. खुडून मुठीत घेतला, मूठ खिशात घातली आणि काही झालं नाही अशा चेहऱ्यानं घरात आले.

मेहरुननं संध्याकाळी झाडाला पाणी घालताना ते टोक पाहिलं. ईदच्या दिवशी तिनं सगळ्यांना शीरखुर्मा वाढला, चाचांच्या वाटीत बदाम जरा कमी पडले. चाचा काय समजायचं ते समजले. त्या दिवसानंतर ते झाडाजवळ गेले की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

मे उतरला तशा फांद्यांच्या टोकांना हिरव्या गाठी दिसायला लागल्या, मिरीच्या दाण्याएवढ्या. चाचा रोज मोजायचे आणि रोज आकडा चुकायचा. ईदला खुडलेल्या फांदीवर मात्र एकाच्या जागी दोन कोंब आले होते आणि कळी एकावरही नव्हती. तिच्याकडे ते बघायचं टाळायचे.

आणि एका सकाळी मेहरुननं चहा आत आणलाच नाही. दोन कप घेऊन ती बाहेर झाडापाशी जाऊन बसली. चाचा कुरकुरत बाहेर आले. चहा घ्यायला वाकले आणि तसेच राहिले. सगळ्यात उंच फांदीवर, त्यांच्या कात्रीनं आजवर कधी जाऊ न दिलेल्या उंचीवर, गुलाबी तुरा उमलला होता. पाकळ्यांना चुण्या, मधे पिवळे ठिपके. शेजारी दुसरा अर्धा उघडलेला, मग तिसरा. मेहरुन मान वर करून बघत होती आणि नव्या नवरीसारखी लाजत होती, जणू ती फुलं तिनंच शिवली होती.

"शेवगा नको ना आता?" चाचांनी विचारलं.

"चहा प्या," मेहरुन म्हणाली.

चहा तसाच ठेवून चाचा त्या गुडघ्यांनिशी बाजारपेठेत पोचले. अजीमच्या खुर्चीत शिदूच बसला होता, तोंडाला फेस फासलेला, उजवा गाल झालेला, डावा राहिलेला. "ऊठ!" चाचा म्हणाले. "फुललं!" शिदू तसाच उठला. गळ्यात कपडा, अर्ध्या तोंडाला फेस. मागून वस्तरा हातात घेऊन अजीम. त्याच्यामागे बाकड्यावरची दोन गिऱ्हाइकं. सगळी वरात वडिवळ्याच्या रस्त्यानं घरी आली. मेहरुननं फेसातल्या शिदूला पहिला चहा दिला आणि म्हणाली, "शिदूभाऊ, हे तुमच्यामुळं."

"माज्यामुळं कसलं," शिदू फेस सांभाळत म्हणाला, "चाचांनी हात आवरला त्येच्यामुळं. लय अवगड काम हाय त्ये." मग चाचांकडे नीट बघून तो हसायला लागला. "पर चाचा, झाडाचं जाऊ द्या. तुमचं काय? तुमच्याच डोक्याचं रान झालंय की!"

सगळे हसले, आणि मग हसता हसता थांबले, कारण ते खरं होतं. चाचांचे पांढरे केस कॉलरवर आले होते. आयुष्यभर त्यांनी स्वतःचे केस दोन आरसे लावून स्वतःच, आपल्याच कात्रीनं कापले होते. या कामात दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता, अजीमवर तर नाहीच. आणि कात्र्या कपाटात गेल्याला पाच महिने झाले होते.

मेहरुननं कमरेची किल्ली चाचपली. चाचांनी ते पाहिलं आणि मान हलवली. "राहू दे," ते म्हणाले, "मी येतो दुकानात."

शिदूचा डावा गाल उरकल्यावर चाचा खुर्चीत बसले. अडतीस वर्षं ते त्या खुर्चीच्या मागे उभे होते. बसून आरशात बघितल्यावर दुकान त्यांना वेगळंच दिसलं. अजीमनं कपडा झटकून त्यांच्या गळ्याला बांधला, फार घट्ट नाही, फार सैल नाही.

"कसे कापू, अब्बा?"

बाकड्यावरचा शिदू कान टवकारून बसला होता. चाचांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"तुला बरे दिसतील तसे काप," ते म्हणाले.

अजीमनं कात्री उचलली. कानामागे डावीकडे जरा जास्तच राहिलं. चाचांनी ते आरशात पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.